कांस आणि गंज

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या व्याख्यानमालेत दरवर्षी साहित्य, संगीत, आरोग्य किंवा गुंतवणूक असे विषय असतात. यंदा कार्यवाहांनी आम्हां पाच जणांना गाठले आणि म्हणाले, "तुमच्या त्या ट्रॅक्टरबद्दल बोला." आम्ही पाचही जण निवृत्त. एकाची नोकरी इंजिनांच्या कारखान्यात झाली, एकाची सिंचन खात्यात. एकाचे लेथचे वर्कशॉप होते, एकाने शाळेत विज्ञान शिकवले आणि एक बँकेतले. बँकेतल्यांनी हिशेब ठेवला आणि जेवणाचा डबा कधी विसरू दिला नाही. आज बोलायला एकच उभा असला तरी बोलणे पाचांचे आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो.

पुष्कळांना वाटते आहे की हा नेहमीचा, मोठ्या मागच्या चाकांचा ट्रॅक्टर असेल. तसा तो नाही. याला चाके नाहीतच. दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टे आहेत, रणगाड्याला असतात तसे. आपल्या माळव्यात याला 'चेनवाला ट्रॅक्टर' म्हणतात. हा आपल्याच एका सभासद कुटुंबाच्या शेतावर, देवास जिल्ह्यात नर्मदेच्या बाजूला, विहिरीजवळच्या चिंचेखाली उभा होता. शेवटचा चालला तो १९७० च्या दशकात. त्यानंतर चाळीसहून अधिक पावसाळे त्याने उघड्यावर काढले. घरातली मुले त्यावर चढून खेळली, त्यांचीही मुले खेळली. पट्ट्यांमधून कडुनिंबाचे एक रोप वर आले होते आणि त्याचे मनगटाएवढे खोड झाले होते.

गेल्या वर्षी त्या घरात जमिनीच्या वाटण्या निघाल्या. ट्रॅक्टर कोणाच्या वाट्याला, हा प्रश्न आला तेव्हा कोणालाच तो नको होता. भंगारवाल्याने येऊन मोजमाप घेतले. अकरा टनांच्या आसपास लोखंड, किलोच्या भावाने. गॅस कटर आणून जागच्या जागी तुकडे करायचे आणि घेऊन जायचे असे ठरत आले होते. त्या घरातल्या काकूंनी आमच्यापैकी एकाला फोन केला आणि एवढेच विचारले, "भाऊ, आमच्या सासऱ्यांनी हौसेने आणलेला आहे हो. कापण्याआधी एकदा बघून तरी जाता का?" आम्ही दिवाळीनंतरच्या रविवारी पाहायला गेलो.

तिथे काय पाहिले ते सांगण्याआधी हा ट्रॅक्टर आपल्या भागात आला कसा, ते सांगायला हवे. त्यावाचून पुढचे समजणार नाही.

आता गणपती झाले की नवरात्रापर्यंत तुम्ही इंदूरहून भोपाळकडे किंवा हरद्याकडे गेलात, तर रस्त्याच्या कडेला पांढऱ्या तुऱ्यांचे उंच गवत डोलताना दिसते. फोटो काढायला फार छान. तो कांस. शेतकऱ्याला विचाराल तर तो त्याला छान म्हणणार नाही. काळ्या जमिनीत याची मुळे फार खोल जातात. वरून कापले तर पुन्हा फुटते, जाळले तरी फुटते. लाकडी नांगराचा फाळ तिथवर पोहोचत नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या आजोबांनी हरळी आणि कुंदा यांच्याशी अशीच झुंज दिली. बेळगावात सुरुवात करून पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतकऱ्याला पटला, त्याचे कारणही खोल नांगरट हेच. पण कांसाने एकदा रान धरले की बैलांच्या चार-सहा जोड्यांनाही ते आवरत नाही. मध्य भारतात, भोपाळ संस्थानात, विंध्य आणि बुंदेलखंडात अशी पडीक झालेली लाखो एकर जमीन होती.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात धान्याची टंचाई होती. तेव्हा केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन नावाची संघटना काढली. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकन लष्कर आपली अवजड यंत्रे इथेच सोडून गेले होते. आसामातून ब्रह्मदेशाकडे जाणारा लेडो रस्ता ज्या जातीच्या यंत्रांनी खोदला, तीच ही यंत्रे. त्यातले ट्रॅक्टर दुरुस्त करून कांस काढायच्या कामाला सुरुवात झाली. पुढे १९४९ मध्ये जागतिक बँकेने शेतीच्या यंत्रांसाठी भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्यातून नवे जड ट्रॅक्टर आले. उन्हाळ्यात हे ट्रॅक्टर खोल नांगरट करत, कांसाची मुळे उलटी करून वर आणत आणि उरलेले काम वैशाखाचे ऊन करी. ही यंत्रे चालवणारी आणि दुरुस्त करणारी माणसे तयार व्हावीत म्हणून १९५५ मध्ये नर्मदाकाठी बुदनीला प्रशिक्षण केंद्र निघाले. ते आजही आहे, आणि देशात विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरांची तपासणी तिथे होते.

आता आमच्या ट्रॅक्टरकडे येतो. तो कॅटरपिलर कंपनीचा डी-७. नावाची पट्टी चुन्याच्या डागांखाली सापडली. क्रमांक '७ एम' ने सुरू होतो, म्हणजे तो १९४० ते १९४४ या काळात अमेरिकेत बांधलेला. वरचा पिवळा रंग खरवडला तर खाली लष्करी हिरवा निघाला. काकूंच्या ट्रंकेत लिलावाची एक पावती मिळाली. सासऱ्यांनी तो साठच्या दशकात सरकारी लिलावात घेतला होता. म्हणजे युद्ध, मग कांस, मग आपल्या एका मराठी माणसाचे शेत असा त्याचा प्रवास.

पट्टे कशासाठी, हे आमच्या विज्ञानाच्या सरांनी तिथल्या मुलांना फार सोप्या रीतीने सांगितले. वजन अकरा टन, पण ते दोन लांब पट्ट्यांवर पसरलेले. हिशेब केला तर एका चौरस इंचावर सहा-सात पौंडांच्या आसपास भार येतो. आपण चालताना एका पायावर असतो तेव्हा जमिनीवर जवळजवळ तेवढाच दाब देतो. म्हणून जिथे चाकाचा ट्रॅक्टर रुतून बसतो, तिथे हा चालत जातो. कॅलिफोर्नियातल्या बेंजामिन होल्ट यांनी १९०४ मध्ये नदीकाठच्या भुसभुशीत जमिनीसाठीच वाफेच्या ट्रॅक्टरची चाके काढून पट्टे बसवले होते. आपली काळी माती पावसात कशी होते हे तुम्हांला सांगायला नको.

तर पहिल्या रविवारी आम्ही काय केले? काहीच केले नाही, फक्त पाहिले. एक वही घेतली आणि जे दिसले ते लिहिले. धुराड्याचे तोंड उघडे होते. रेडिएटरमध्ये पाणी नव्हते. पट्ट्याखाली एक धामण राहत होती. आसनाखाली उंदरांचे घर. जिथे जिथे नळीचे तोंड होते, तिथे तिथे कुंभारीण माशीने मातीने ते लिंपून टाकले होते. इंजिन फिरते का पाहायला फ्लायव्हीलला पहार लावली, तर ते तसूभरही हलले नाही. जाम झालेले.

वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही एक ओळ लिहिली, 'माहीतगार माणूस हवा.' आमच्यात इंजिनांची माहिती होती, पण या जातीची नव्हती. गावात विचारता विचारता दुसऱ्या तालुक्यातल्या एका वृद्ध गृहस्थांपर्यंत पोहोचलो. वय एकोणऐंशी. साठच्या दशकात हेल्पर म्हणून लागले, बुदनीला शिकले आणि पुढे पंचवीस वर्षे चेनवाले ट्रॅक्टर चालवले. एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याने कमी दिसते. त्यांना सगळे 'उस्तादजी' म्हणतात, आम्हीही तसेच म्हणू लागलो. त्यांना गाडीत घालून आणले. त्यांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, हात फिरवत फिरवत, आणि मग विचारले, "कापणार होते ना?" आम्ही हो म्हटले. ते म्हणाले, "बाबूजी, ये बुढ़ापे से बंद नहीं हुआ. पड़े-पड़े बंद हुआ है."

ते वाक्य आमच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. चालून झिजलेल्या यंत्राची झीज मोजता येते, तेवढा भाग बदलता येतो. पडून राहिलेल्या यंत्रात मात्र एकेका जागी काय झाले आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून कामाचा क्रम फार महत्त्वाचा असतो. तो क्रम थोडक्यात सांगतो, कारण घरोघरी जुने पंप, जुनी इंजिने, आजोबांच्या मोटारी पडून आहेत आणि त्यांनाही तो लागू पडेल.

पहिले काम जाम इंजिन सोडवण्याचे. या इंजिनाला चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास पावणेसहा इंच आणि दट्ट्याचा पल्ला आठ इंच. दुधाच्या किटलीएवढे एकेक सिलिंडर! इंजिन जिथे थांबते, तिथे काही सिलिंडरांच्या झडपा उघड्या राहतात. उघड्या धुराड्यातून पावसाळी हवा त्याच सिलिंडरांत शिरते आणि रिंगा भिंतीला गंजून चिकटतात. आमच्याकडे चारांपैकी दोन असे निघाले. नोझल काढून चारही सिलिंडरांत डिझेल आणि पातळ तेलाचे मिश्रण ओतले आणि घरी आलो. आठ दिवसांनी पुन्हा ओतले, पुन्हा घरी आलो. असे पाच आठवडे.

या पाच आठवड्यांत सर्वांत अवघड गोष्ट होती काही न करणे. गावातली मंडळी येऊन सल्ले देत. दुसरा ट्रॅक्टर लावून ओढा, आपोआप सुटेल. दट्ट्यावर लाकडी ठोकळा ठेवून घण मारा. शेतमालकांच्या धाकट्या भावांनाही घाई होती. भंगारवाल्याने महिनाअखेरीची मुदत दिली होती. उस्तादजी खाटेवर बसून एवढेच म्हणत, "ज़ोर मत लगाओ. लोहा मान जाएगा." जोराने ओढले असते तर दट्ट्याचा दांडा वाकला असता किंवा रिंगा तुटल्या असत्या, आणि हे भाग आज बाजारात मिळत नाहीत. शेवटी मुदत संपायच्या तीन दिवस आधी पहार लावली तेव्हा फ्लायव्हील बोटभर सरकले. तेवढेच उलट फिरवले. पुन्हा सुलट. दिवसभरात पाव फेरा झाला, पुढच्या रविवारी पूर्ण फेरा. त्या दिवशी काकूंनी भंगारवाल्याला फोन करून "सध्या नको" सांगितले. आमच्या दृष्टीने ट्रॅक्टर त्याच दिवशी वाचला.

मग दोन्ही जाम सिलिंडरांवरचे हेड उतरवून आतला गंज साफ केला, झडपा घासून बसवल्या. गॅस्केट तयार मिळत नव्हती, ती शीट आणून हाताने कापली. तांब्याची वॉशरे लेथवर केली, नळ्यांचे रबर लोहामंडीतून आणले. इंजिनाच्या तळाचा बूच आधी नुसता सैल केला. तेलापेक्षा पाणी जड, ते खाली बसलेले असते. आमच्याकडे जवळजवळ बादलीभर पाणी आधी आले आणि मग काळे तेल. जुन्या यंत्रात ते तसेच ठेवून इंजिन फिरवले तर बेअरिंगांना तेलाऐवजी पाणी मिळते आणि सगळे मुसळ केरात जाते.

दुसरे काम डिझेल पंपाचे, आणि ते धोक्याचे आहे, म्हणून ते नीट सांगतो. पंपात एक दांडी असते, तिला रॅक म्हणतात. ती पुढे-मागे सरकली की डिझेल कमी-जास्त होते. पडून राहिलेल्या पंपात ही दांडी अडकलेली असते. ती जर उघड्या बाजूला अडकली असेल आणि तुम्ही इंजिन सुरू केलेत, तर ते बंद करता येत नाही. डिझेल इंजिनाला बंद करायला ठिणगीची तार नसते. ते वेग घेत जाते, आणि हे इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांसाठी बांधलेले आहे, त्याच्या वर गेले तर फुटू शकते. म्हणून पंप पूर्ण खोलून दांडी बोटाने सरकेपर्यंत साफ केली. शिवाय सुरू करायच्या दिवशी एक माणूस डिझेलच्या कॉकवर आणि एक माणूस हवेच्या तोंडाशी जाड फळी घेऊन उभा केला. हवा कोंडली की कोणतेही इंजिन थांबते. ती फळी वापरावी लागली नाही. पण घरी कोणी जुने डिझेल इंजिन सुरू करणार असेल तर फळीवाला माणूस आधी उभा करावा, एवढे लक्षात ठेवा.

तिसरे काम मुलांना सर्वांत आवडले. या ट्रॅक्टरला आजच्यासारखा सेल्फ नाही. एवढे अवजड इंजिन फिरवायला त्याच्या कडेला दुसरे छोटे इंजिन बसवलेले आहे. दोन सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे. आधी ते हाताने हँडल मारून सुरू करायचे, मग एका लिव्हरने त्याचे दाते मोठ्या इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये गुंतवायचे आणि क्लच सोडायचा. उस्तादजी त्याला 'बच्चा इंजन' म्हणतात. त्यात युक्ती अशी की दोघांचे पाणी एकच. छोटे चालू लागले की त्याच्या उष्णतेने मोठ्याचे पाणी कोमट होते. छोट्याचा गरम धूर जिथून जातो, तिथूनच मोठ्याची हवा आत येते, म्हणून ती हवाही तापते. शिवाय मोठ्याचा दाब सोडून देणारा एक लिव्हर आहे. त्यामुळे आधी मोठे इंजिन रिकामेच दहा मिनिटे फिरते, तेल सगळीकडे पोहोचते, आणि मग त्याच्याकडून काम मागायचे. थंड इंजिनावर एकदम दाब न देण्याची ही सोय ज्यांनी आखली, त्यांनी यंत्राच्या जिवाचा विचार केला होता.

छोट्याचा मॅग्नेटो मेलेला होता. आतले पॉइंट हिरवे पडलेले, कंडेन्सर निकामी. तो काढून सरांनी घरी नेला, तीन दिवस उन्हात ठेवला, पॉइंट घासले आणि नवा कंडेन्सर बसवला. काकू म्हणाल्या, "पापडाच्या शेजारी वाळत घातला होता म्हणे!" खरे आहे ते. हाताने फिरवल्यावर त्यातून ठिणगी पडली, ती अंधाऱ्या खोलीत आम्ही पाचही जणांनी पाहिली.

सुरू करायचा दिवस अक्षय्य तृतीयेच्या आधीचा रविवार. गाव जमले होते. ट्रॅक्टरच्या पुढे किंवा मागे कोणीही उभे राहायचे नाही, अशी चुन्याची रेघ मारली. हँडल मारायला आयटीआयची दोन मुले तयार होती. त्यांना उस्तादजींनी पहिला धडा दिला तो अंगठ्याचा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, विळखा घालायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटते आणि अंगठा वाचतो. दहा-बारा हँडलनंतर छोटे इंजिन फटफटले, थांबले, पुन्हा फटफटले आणि मग चालूच राहिले. उस्तादजींनी हात वर करून सगळ्यांना थांबवले. दहा मिनिटे. कोणी बोलले नाही. नंतर त्यांनी स्वतः दाते गुंतवले. डोळ्यांना दिसत नव्हते, पण हाताला लिव्हरची जागा बरोबर सापडत होती. मोठे इंजिन जड जड फिरू लागले. तेलाच्या घड्याळाचा काटा उठला, तो आम्ही त्यांना ओरडून सांगितला. मग दाबाचा लिव्हर परत घेतला, डिझेल सोडले. धुराड्यातून आधी पांढरा धूर, मग काळे गोळे, कुंभारमाशीच्या मातीचे तुकडे, आणि एकदम एक घनगंभीर आवाज. चार सिलिंडरांचे ठोके वेगवेगळे मोजता येत होते. छोट्याचे दाते आपोआप सुटून बाहेर आले, तशी त्यात सोय आहे.

शेतमालकांच्या थोरल्या भावांनी, वाटणीत ज्यांना तो सर्वांत नको होता त्यांनी, चुन्याची रेघ काही ओलांडली नाही. तिथेच उभे राहून ते म्हणाले, "बाबांच्या वेळी सकाळी हाच आवाज यायचा. आम्ही याच आवाजाने उठायचो." एवढेच बोलले.

चालू झाला म्हणजे चालला असे नाही. याला सुकाणू नसते. डाव्या पट्ट्याचा क्लच सोडला की डावीकडे वळतो, उजव्याचा सोडला की उजवीकडे. हे क्लच कोरड्या चकत्यांचे, चकत्या एकमेकींना गंजून चिकटलेल्या. डावा सुटला, उजवा सुटेना. त्याचा लिव्हर दोराने मागे बांधून ठेवला आणि दोन आठवडे वाट पाहिली. पट्ट्यांच्या पिनांमध्ये जुने तेल ओतत राहिलो. मग पहिल्या गिअरमध्ये अगदी हळू, ब्रेकला नुसता स्पर्श करत, तिसऱ्या खेपेला उजवाही सुटला. चिंचेखालून निघून ट्रॅक्टर चाळीस फूट पुढे गेला. मध्ये वाढलेला तो कडुनिंब आधीच मुळासकट काढून कुंपणाला लावला होता. तोही जगला आहे.

आता सर्वांनी आम्हांला विचारलेला प्रश्न. याचा उपयोग काय? जेसीबी तासाच्या भाड्याने मिळतो, रोटाव्हेटर घरोघरी आहे. हा तासाला भरपूर डिझेल पिणार. प्रश्न रास्त आहे आणि आम्ही त्याला भावनेचे उत्तर देणार नाही. शेतीच्या कामाला याची गरज नाही. पण त्याच शेताच्या टोकाला तीन-चार एकरांचा एक तुकडा आहे. हाच ट्रॅक्टर साठच्या दशकात तिथे फिरला होता आणि तिथला कांस निघाला होता. पुढे घरातली माणसे शहरात आली, तो तुकडा पडून राहिला. आज तिथे पुन्हा पुरुषभर कांस आहे. एकदा खोल नांगरून कांस कायमचा जात नाही. त्यानंतर दरवर्षी तिथे पीक घ्यावे लागते, माणसाचा हात फिरावा लागतो. तो थांबला की जमिनीत कांस येतो आणि लोखंडावर गंज. दोघांना फक्त फुरसत लागते.

आम्हांला या सहा महिन्यांत कळले ते हे. लोखंड फार चिवट आहे, ते चाळीस पावसाळे काढते. माणसाच्या हातातली माहिती मात्र एका माणसाबरोबर जाते. दाते किती वेळाने गुंतवायचे, आवाज कसा आला की थांबायचे, हे पुस्तकात अर्धेच असते. उस्तादजी आणखी दोन वर्षांपूर्वी भेटले असते तर त्यांना दिसत होते. दोन वर्षांनी भेटले असते तर काय, ते बोलायला नको. आयटीआयच्या त्या दोन मुलांना आता हा क्रम येतो. त्यातला एक आपल्या गणपतीच्या मांडवात जनरेटर सांभाळतो आहे, तो बाहेर उभा आहे.

शेवटी कामाचे बोलतो. घरच्यांनी पुढच्या दिवाळीपर्यंत ट्रॅक्टर ठेवायचे कबूल केले आहे. अट एकच, आणि ती योग्य आहे. महिन्यातून एकदा तो सुरू झाला पाहिजे. पंधरा-वीस मिनिटे चालवायचा, थोडा पुढे-मागे न्यायचा, दोन्ही क्लच मारून पाहायचे, बंद केल्यावर धुराड्यावर डबा झाकायचा. हा डबा विसरला तर आमचे पाच आठवडे पुन्हा करावे लागतील. आम्हां पाचांत सर्वांत लहान अडुसष्ट वर्षांचे आहेत. हँडल आमच्याने फार दिवस मारवणार नाही.

म्हणून मंडळाच्या कार्यालयात एक वही ठेवली आहे. दर महिन्याचा पहिला रविवार, सकाळी सात वाजता मंडळाच्या दारातून गाडी निघेल. पोहे वाटेत. दर खेपेला तीन तरुण हवेत, मुली आल्या तर उत्तमच. हँडलला ताकदीपेक्षा लकब लागते, हे उस्तादजींच्या नातीने आम्हांला दाखवून दिले आहे. बारा महिन्यांच्या छत्तीस जागा आहेत. आज सकाळपर्यंत अकरा भरल्या. ऑक्टोबरच्या रविवारी अजून एक जागा रिकामी आहे. त्या दिवशी टोकाच्या तुकड्यात पहिले तास घालायचे आहे. कांस तेव्हा पूर्ण फुललेला असेल, आणि उस्तादजी येणार आहेत. विसर्जनापर्यंत नाव नोंदवा.

गणपती बाप्पा मोरया!